समुद्र पास की नापास?

नागपूरकराला समुद्राचं जेवढं वेड आहे ना, तेवढं मुंबईकरालाही नसेल. मुंबईवाल्याला चर्नी रोडला लोकलच्या खिडकीतून दिसतो तेवढा समुद्र पुरतो. आपलं तसं नाही बॉस. आपल्याला समुद्र बघायचा तर रजा टाकावी लागते, रिझर्व्हेशनसाठी जागरण करावं लागतं, विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते आणि मग पुढे कोकणात उतरायचं ते वेगळंच. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, त्याचे ७०१ किलोमीटर संपल्यावरही पाणी दिसत नाही. दिसतो तो आमण्याचा इंटरचेंज! म्हणूनच एवढं करून जिथे पोहोचायचं तो किनारा ‘बेस्ट’च असायला हवा, असा आपला हट्ट असतो.

खरं तर नागपुरातही समुद्र आहे. झिरो माइलला. तिथल्या चार घोड्यांपुढे फोटो काढणारे खूप, पण शेजारच्या सर्वेक्षणाच्या दगडाची खासियत फार थोड्यांना माहीत असते. १९०७ सालचा तो दगड, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. तिसऱ्या दशांशापर्यंत! एवढ्या दूर बसून समुद्राशी असं काटेकोर नातं ठेवणारं दुसरं शहर मला तरी माहीत नाही.

आणि आम्ही महालवाले तर याबाबतीत कॉलर थोडी जास्तच टाइट करू शकतो. १७५१ ते १८०३, म्हणजे तब्बल ५२ वर्षं, ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पुरी काय, कटक काय, बालासोर काय, सगळ्यांचा शेवटचा शब्द नागपुरातला. पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोर जो अरुणस्तंभ उभा आहे, तो त्याच काळात कोणार्कहून तिथे आणला गेला. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला आणि आपला समुद्र गेला. बडकस चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले की मला कधी कधी वाटतं, आपल्यालाही एकेकाळी बीच होता यार!

तर असो. मुद्दा हा, की गेली काही वर्षं आमच्या ऑफिसच्या गँगमध्ये ‘बीच शोधणे’ हे खातं माझ्याकडे आहे. आम्ही अकरा जण. त्यातल्या दोघांना पोहता येतं, तेही अंबाझरीच्या बाजूच्या स्विमिंग पूलमध्ये, जिथे खाली निळ्या टाइल्स दिसतात. बाकी नऊ जण कमरेएवढ्या पाण्यात गेले की एकमेकांचे हात धरतात. या लोकांना घेऊन जायचं आणि अकराच्या अकरा वापस आणायचे, अशी माझी जबाबदारी. सांगायला सोपं वाटतं, पण किनारा निवडताना मला रात्री झोप लागत नाही.

‘महाराष्ट्रातले टॉप टेन बीचेस’ असं काही वाचायला घेतलं की सगळीकडे तोच ड्रोनचा फोटो. वरून निळं पाणी, पांढरी वाळू, एक तिरका माड. त्या फोटोवरून किनारा निवडणं म्हणजे बायोडेटावरच्या फोटोवरून नवरा निवडण्यासारखं आहे! तुम्ही वाळूच्या रंगाला मार्क देता, पण वाळूचा रंग हा काही किनाऱ्याचा गुण नाही. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झिजून नद्यांतून खाली येतो, म्हणून रायगड-रत्नागिरीची बरीच वाळू करडी, काळसर. रत्नागिरीजवळ तर काही ठिकाणी इल्मेनाइट या खनिजाचे काळे पट्टेच्या पट्टे दिसतात. खाली सिंधुदुर्गात गेलं की दगड बदलतो, वाळूही उजळ होते. तारकर्ली-देवबागचं पाणी नितळ दिसतं त्यालाही कारण आहे. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, सिंधुदुर्गात साधारण त्याच्या निम्मा. जिथे पाण्याची रोज एवढी घुसळण होते तिथे तळाचा गाळ वर येणारच. म्हणजे डहाणू-बोर्डीचं पाणी गढूळ दिसलं म्हणून नाक मुरडण्यात काही अर्थ नाही. बोर्डीला ओहोटीत समुद्र इतका लांब जातो की आपण चालत चालत त्याची समजूत काढायला निघालोय असं वाटतं. मला तो किनारा आवडतो, चिकूच्या बागांसकट. गँगला आवडला नाही. ‘फोटो चांगले नाही येऊन राहिले’ म्हणे.

मग बघायचं काय? माझ्या एक्सेल शीटमध्ये पहिला कॉलम आहे, उतार. पाण्यात शिरल्यावर गुडघ्यापर्यंत यायला किती पावलं लागतात? पन्नास पावलं लागली तर माझा जीव भांड्यात. पाचच लागली तर तो किनारा नुसता बघायचा. गणपतीपुळे बघा. दिसायला शंभरपैकी शंभर. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, ते गावाच्या नावातच आहे. एका बाजूला हिरवी टेकडी, पायथ्याशी स्वयंभू गणपती, समोर समुद्र. पण तिथला तळ झपकन खाली जातो, आणि बुडालेल्या माणसांच्या बातम्या वर्षानुवर्षं तिथून येतात. सूचनांचे फलक आहेत, शिट्ट्या मारणारे लोक आहेत, तरीही. माझ्या शीटमध्ये गणपतीपुळे म्हणजे ‘दर्शन, प्रदक्षिणा, उकडीचे मोदक, पाय ओले करून मागे फिरणे’. पोहण्याचे मार्क शून्य. चिडू नका, मी गणपतीवरच श्रद्धा ठेवून हे लिहितेय.

दुसरा कॉलम आहे, तिथी. हो, पंचांगातली तिथी! हा फंडा मला दापोली तालुक्यात जाळं शिवत बसलेल्या एका आजोबांनी शिकवला, आणि त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर आभारी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी? चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, पण ढोबळ अंदाजाला झकास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती म्हणजे उधाण, अष्टमीच्या आसपासची मवाळ म्हणजे भांग. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी भांगाच्या दिवसांत जावं, एवढं साधं आहे ते. महालात आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर कॅलेंडर टांगलेलं आहे. चहा उकळेपर्यंत मी इथून गुहागरची भरती सांगू शकते! गँगवर याचं सॉलिड इम्प्रेशन पडतं.

आता गंमत बघा. गंमत कसली, काळजीचीच गोष्ट आहे. संकष्टीला गणपतीपुळ्याला तोबा गर्दी असते, अंगारकी असेल तर विचारूच नका. संकष्टी म्हणजे चतुर्थी. दर्शन झालं, जेवण झालं, की दुपारी दोन-तीनला मंडळी पाण्याकडे वळतात. आणि चतुर्थीची भरती कधी? तेव्हाच! तीव्र उताराचा किनारा, भरतीचं पाणी, पोट भरलेले, दमलेले, समुद्र पहिल्यांदाच बघणारे लोक. हे गणित दर संकष्टीला तसंच्या तसं येतं. हरिहरेश्वरचंही असंच. मंदिरामागचा खडकांतून जाणारा प्रदक्षिणेचा रस्ता ओहोटीत अप्रतिम, निसर्गाने कोरलेल्या नक्षीकडे बघत राहावं असा. भरतीत तोच रस्ता जीवघेणा. जागा तीच असते, घड्याळात सहा तास पुढेमागे झालेले असतात, बस. त्यामुळे ‘हा बीच सेफ आहे का?’ असा प्रश्नच अर्धवट आहे. किती वाजता, हे आधी सांगा.

त्या आजोबांचं अजून एक ऋण आहे. आम्ही पाण्याकडे निघालो होतो. लाटा बऱ्यापैकी फुटत होत्या, पण मध्येच एक पंचवीस-तीस फुटांचा पट्टा असा होता की तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी शांत, जरासं गडद. आमच्या टीम लीडरने लगेच जाहीर केलं, ‘तिकडे चला रे, तिथे शांत आहे.’ आजोबांनी जाळं खाली ठेवलं आणि ओरडले, ‘ओ, तिकडं नको! तिथनंच ती बाहेर जाते.’ ती म्हणजे ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी वापस जाणारच ना? ते जिथून जातं, तिथे तळ खोल झालेला असतो, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. शहरातल्या माणसाला सगळ्यात सुरक्षित वाटणारी जागा सगळ्यात वाईट! इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारायचे नाहीत, ऑलिंपिकवालाही दमेल. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. पट्टा फार रुंद नसतो. आमच्यातल्या स्विमिंग पूलवाल्या दोघांनी हे तिथेच वाळूवर उभं राहून दोनदा पाठ म्हणून दाखवलं.

१ फेब्रुवारी २०१६ ला जंजिऱ्याजवळच्या मुरुडला पुण्याहून कॉलेजची सहल आली होती. १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ती पोरं आपल्यासारखीच होती. समुद्रापासून लांबच्या गावातून आलेली, खूश झालेली, दुपारचं जेवण करून पाण्यात धावलेली. समुद्र तेव्हा काही खवळलेला नव्हता, हिवाळा होता. आपल्याला पावसाळ्यातल्या समुद्राची भीती वाटते आणि ती योग्यच आहे. कोळी लोकसुद्धा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात. पण हिवाळ्यातल्या छानशा दुपारची आपल्याला भीतीच वाटत नाही.

तिसरा कॉलम मुलींचा आहे. टॉयलेट! कपडे बदलायला जागा! यावर मुलगे हसतात, हसू देत. ओल्या सलवार-कमीजमध्ये पाऊण किलोमीटर चालत, शंभर जणांच्या नजरा चुकवत रूमवर जाणं काय असतं ते त्यांना कळायचं नाही. डेन्मार्कहून चालणारी ब्लू फ्लॅग नावाची मानांकनाची पद्धत आहे, तिचे ३३ निकष आहेत. त्यात पाण्याची शुद्धता, कचरा, जीवरक्षक याबरोबर स्वच्छ टॉयलेटही येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना हा झेंडा मिळाला, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. पुरीचा गोल्डन बीच होता! (भोसल्यांचा, म्हणजे पर्यायाने आमच्या महालाचा. सांगून ठेवलं.) नंतर आपले गुहागर, श्रीवर्धन वगैरे किनारेही त्या शर्यतीत उतरले, चांगलंच आहे. झेंडा मिळो न मिळो, दारं लागणारी आणि आत पाणी असणारी टॉयलेट्स आली तरी माझ्याकडून दहा मार्क जास्त.

आता निकाल. काशीद दिसायला कूल, पण वीकएंडला तिथे वाळूपेक्षा माणसं जास्त, वर पाण्याला ओढही आहे, सो नापास. आरे-वारे गाडी थांबवून वरच्या वळणावरून बघायचं, खाली उतरायची गरज नाही, वरूनच डिस्टिंक्शन. भोगवे तर वरून पाहिल्यावर आम्ही अकरा जण चक्क दोन मिनिटं गप्प होतो, हा आमच्या गँगचा रेकॉर्ड आहे. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते, पलीकडे देवबागची चिंचोळी पट्टी, मध्ये रंग बदलणारं पाणी. पण जिथे नदी समुद्राला मिळते तिथे पोहायचं नाही, हा नियम मी मोडू देत नाही. गुहागर मला मनापासून आवडतं. चिपळूणहून साधारण ४५ किलोमीटर. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चालत जायचं आणि एकदम समोर सरळसोट, लांबच लांब किनारा, मागे सुरूची झाडं. माणसं असतात, पण पसरून जातात. जेवण मात्र गँगला मिळमिळीत वाटलं. सावजीवर वाढलेल्या जिभांना सोलकढी समजायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी तेच लोक चौथी वाटी मागत होते.

वेळासला मी सगळ्यात जास्त मार्क दिलेत, आणि तिथे आम्ही पाण्यात पाऊलही टाकलं नाही. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली, गावकरी सामील झाले आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. राहायचं गावकऱ्यांच्या घरात, जेवायचं त्यांच्याच पडवीत. पहाटे उठून किनाऱ्यावर जायचं, टोपलीखालून तळहातापेक्षाही लहान पिल्लं निघालेली असतील तर ती पाण्याकडे चालताना बघायची. एखादे दिवशी एकही निघत नाही, तसेच वापस यायचं. आमच्या नशिबात चार होती. त्यातलं एक तीनदा लाटेबरोबर उलटं आलं आणि चौथ्यांदा गेलं. आमचा टीम लीडर, जो डेडलाइन चुकली तरी डोळ्याची पापणी हलवत नाही, तो नाक पुसत होता. त्यानंतर वाळूवर गाडी घालून गोल गोल फिरवणारे हीरो दिसले की माझं डोकं फिरतं. खाली एखादं घरटं असू शकतं, एवढं तरी समजून घ्या ना रे.

आणि दापोलीचं मुरुड. जंजिऱ्याचं नव्हे, महर्षी कर्व्यांचं. तिथे मी गँगला नाही, आईला घेऊन गेले. आई ६१ वर्षांची, जन्म महालातला, सासर महालातलं, पाणी म्हणजे गांधीसागर, फार तर अंबाझरी. समुद्र पाहिलाच नव्हता. दरवेळी विचारलं की ‘मी टीव्हीवर पाहून राहिली ना रोज, काहून पैसे घालवतेस’ हे उत्तर ठरलेलं. गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्या नकोत, खडक नकोत, घट्ट सपाट वाळू हवी. तिच्यासाठी मी शीटमध्ये नवा कॉलम टाकला आणि मुरुड वर आलं. रुंद, सपाट, ओहोटीत वाळू रस्त्यासारखी टणक. दिवस निवडला नवमीचा. भरती पावणेसातच्या आसपास, म्हणजे दुपारनंतर ओहोटी आणि चार वाजता पाणी हळूहळू वर येत असणार, भांगाचं, मवाळ.

मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. ती काही बोलली नाही. साडी घोट्याच्या वर धरून उभी राहिली. पहिली लाट पायावरून गेली, वापस फिरली, आणि टाचेखालची वाळू सरकली तशी तिने माझं मनगट गच्च धरलं. ‘अगं, जमीन ओढून राहिलं हे!’ मग दुसरी लाट, तिसरी. अर्ध्या तासाने मी म्हटलं, बसूया का, गुडघे दुखतील. तर म्हणाली, ‘थांब ना. आता येतेच ती मोठीवाली.’ तिला लाटा मोजायला यायला लागल्या होत्या! अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. रूमवर आल्यावर तिने पायाची वाळू धुवायच्या आधी महालातल्या तिन्ही बहिणींना फोन केले.

सध्या शीटमध्ये पुरीची ओळ टाकलीय. तिथे माझा पाऊणपटीचा हिशेब चालायचा नाही, पूर्वेच्या किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी. लाटाही दणकट. पण तिथे टोकदार टोप्या घातलेले नुलिया असतात, पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यातले कोळी, हात धरून पाण्यात नेतात आणि वापस आणतात. उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे त्यांना गाठायचं. गँगमध्ये अजून चर्चा चालू आहे, अर्ध्यांना पुन्हा भोगवे हवंय. आईने मात्र परस्पर निकाल लावून टाकला. ‘जगन्नाथाचं दर्शनही होऊन जाईल. माझ्या बहिणींची पण तिकिटं काढून टाक.’ म्हणजे आता शीटमध्ये एकूण आठ गुडघे झालेत.